सत्तावन्न सालचा ठेका

उज्जैनच्या जुन्या माणसांना १९५७ हे साल विक्रम विद्यापीठाचे साल म्हणून आठवते. आदल्या नोव्हेंबरात मध्य भारत नावाचे राज्य मध्य प्रदेशात विलीन झाले होते. १ एप्रिलपासून नवा पैसा सुरू झाला होता आणि दुकानदार आण्यांचे पैसे करताना गोंधळत होते. शिंद्यांच्या राजवटीतून बाहेर पडून दहाच वर्षे झालेले हे शहर स्वतःची घडी नव्याने बसवत होते.

त्याच साली मुंबईत तीन चित्रपट आले. 'आशा'त सी. रामचंद्रांचे 'ईना मीना डीका' होते. 'तुमसा नहीं देखा'मुळे शम्मी कपूर नावाच्या, तोवर फारसा न चाललेल्या नटाचे नशीब फिरले. आणि 'मिस्टर एक्स'मध्ये गोव्याच्या दत्ता नाईकांनी, म्हणजे एन. दत्तांनी, महंमद रफींकडून चक्क रॉक अँड रोल गाऊन घेतले. ३ ऑक्टोबरला विविध भारती सुरू झाली. तिकडे अमेरिकेत ५ ऑगस्टपासून 'अमेरिकन बँडस्टँड' हा फिलाडेल्फियाचा स्थानिक कार्यक्रम देशभर दिसू लागला. कॅनडातून न्यूयॉर्कला आलेल्या पॉल अँका नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलाने आपल्यापेक्षा मोठ्या मुलीवरचे 'डायाना' हे गाणे ध्वनिमुद्रित केले, तेही त्याच वर्षी. फिलाडेल्फिया, मुंबई आणि माळवा यांना एका साली एका ठेक्याने गाठले, आणि आपल्या संगीताच्या इतिहासात या गोष्टीला द्यायला हवे होते तेवढे महत्त्व कुणी दिलेले नाही, असे मला मनापासून वाटते.

उज्जैनचा टावर चौक हा या गोष्टीचा पत्ता म्हणून मी मुद्दाम निवडला. रेल्वेच्या एका अंगाला महाकालेश्वर, गोपाळ मंदिर, क्षिप्रेचे घाट असे जुने उज्जैन. पूल ओलांडला की फ्रीगंज, कागदोपत्री माधवनगर. सरळ आखलेले रस्ते, दुकाने, शाळा-कॉलेजांची वर्दळ आणि मध्यभागी घड्याळाचा मनोरा. संध्याकाळी इथे चाटच्या गाड्या लागतात आणि सगळे शहर जणू इथेच फिरायला येते. शिंद्यांचे मुख्य ठाणे १८१० मध्ये ग्वाल्हेरच्या लष्करात गेले, तरी उज्जैनमधली मराठी घरे राहिली. घरात मराठी, रस्त्यावर माळवी वळणाची हिंदी, शाळेत पुस्तकी हिंदी, अशा तीन भाषांत इथली मुले वाढली. कुठल्याही नव्या सुरासाठी असा कान फार तयार असतो.

आता हे नवे सूर तिकडे कसे जन्मले ते पाहू. बिल हेलीचे 'रॉक अराउंड द क्लॉक' १९५४ मध्ये ध्वनिमुद्रित झाले, पण पेटले १९५५ मध्ये, 'ब्लॅकबोर्ड जंगल' या शाळकरी मुलांवरच्या चित्रपटाच्या नामावलीवर ते वाजले तेव्हा. हेली स्वतः तिशीचा होता. १९५६ मध्ये एल्विस प्रेस्ली आला. मग कंपन्यांच्या लक्षात आले की हे ऐकणारी पोरे पंधरा-सोळाची आहेत, त्यांच्या खिशात पैसे आहेत, आणि ती स्वतःच्या निवडीने तबकड्या विकत घेतात. आर.सी.ए. व्हिक्टरने १९४९ मध्ये आणलेली ४५ फेऱ्यांची छोटी, स्वस्त, न फुटणारी तबकडी याच गिऱ्हाइकाला नेमकी सोयीची पडली. १९५४ अखेर खिशात मावणारा ट्रान्झिस्टर आला आणि आई-वडिलांच्या बैठकीच्या खोलीतून गाणे मुलांच्या खोलीत गेले. १९५६ मध्ये फ्रँकी लायमन तेराव्या वर्षी गाजला.

पुढच्या दोन-तीन वर्षांत पहिल्या फळीतले दांडगे गायक एकेक करून बाजूला झाले. लिटल रिचर्ड धर्माकडे वळला, एल्विस सैन्यात गेला, बडी हॉली फेब्रुवारी १९५९ मध्ये विमान अपघातात गेला. रिकाम्या जागेवर कंपन्यांनी गोड चेहऱ्याची, नीट केस वळवलेली मुले आणली: फ्रँकी अव्हॅलन, फेबियन, बॉबी रायडेल. तिघेही फिलाडेल्फियाचे, बँडस्टँडच्या गावचे. समीक्षक या काळाला नावे ठेवतात. मला ते पटत नाही. गाणी साधी होती, पण पहिल्यांदाच वयात येणाऱ्या मुलांच्या मनातले अवघडलेपण कुणीतरी गाण्याचा विषय म्हणून गंभीरपणे घेतले होते.

माळव्यातल्या मुलाकडे यातले काय होते? खिशात पैसे नव्हते. स्वतःची खोली नव्हती. आपल्याकडे साठच्या दशकातही लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या निघत होत्या, अगदी बीटल्सच्यासुद्धा. घरात रेडिओ असला तर तो वडिलांचा; त्याचा परवाना पोस्टातून काढावा लागे आणि त्याचा कान पिळण्याचा अधिकारही वडिलांचाच. मग ही गाणी पोरांपर्यंत पोचली कशी?

पोचली ती कोलंबोहून, आणि त्याला कारण झाला एक पुणेकर. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत त्या पदावर राहिले. शास्त्रीय संगीतावर त्यांचे निस्सीम प्रेम होते. आकाशवाणीवरचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला तो त्यांच्याच कारकिर्दीत. दरबार गेल्यावर पोरक्या झालेल्या कितीतरी गायक-वादकांना आकाशवाणीने जे अन्न आणि मान दिला, त्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण चित्रपटगीतांनी देशाची अभिरुची बिघडते असे त्यांचे ठाम मत होते. त्यांनी या गाण्यांचा वेळ कमी केला, चित्रपटाचे नाव सांगायला मनाई केली. निर्माते बिथरले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. महायुद्धात सैन्यासाठी उभारलेला जबरदस्त ताकदीचा लघुलहरी प्रक्षेपक रेडिओ सिलोनच्या हाती आयताच होता. केसकरांनी दार लावले आणि अवघा हिंदुस्थान २५ आणि ४१ मीटरवर सुई नेऊन सिलोन लावू लागला.

३ डिसेंबर १९५२, बुधवार. टूथपेस्टवाल्या सीबा कंपनीला आपल्या इंग्रजी 'बिनाका हिट परेड'चे हिंदी भावंड हवे होते; तेच 'बिनाका गीतमाला'. निवेदक म्हणून घेतला अमीन सयानी, आठवड्याला पंचवीस रुपयांवर. त्याची जन्मतारीख २१ डिसेंबर १९३२. म्हणजे गीतमाला पहिल्यांदा वाजली तेव्हा हा मुलगा एकोणीस वर्षांचा होता! भारतातल्या तरुण श्रोत्यांचा सगळ्यात लाडका आवाज स्वतःच अजून विशीत पोचला नव्हता. त्याच्या बोलण्यातला तो लगबगीचा आनंद, 'बहनों और भाइयों' म्हणतानाचा जिव्हाळा कुठून आला हे या तारखेवरून कळते. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई आणि टेप विमानाने कोलंबोला जाई. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली, असे सयानी सांगत. १९५४ पासून गाण्यांना क्रमांक मिळू लागले. 'पायदान' हा शब्द तेव्हापासून आपल्या बोलण्यात आला. बुधवारी रात्री आठला हॉटेलात, पानाच्या ठेल्यापाशी, शेजाऱ्याच्या ओसरीवर माणसे जमत, आणि कुठले गाणे वर चढले यावर पैजा लागत.

अमेरिकेतल्या मुलाने ज्यूकबॉक्समध्ये नाणे टाकून आपली आवड नोंदवली; आपल्याकडच्या मुलाने पोस्टकार्ड टाकून. पोस्टकार्डावर एकाच्या नावाखाली पाच-दहा मित्रांची नावे असत, कारण निवेदकाच्या तोंडून आपले आणि आपल्या गावाचे नाव निघावे ही सगळ्यांची हौस. तेव्हाच्या बिहारातले झुमरी तलैया असेच देशाला ठाऊक झाले. एकट्याने ऐकणे हा प्रकारच नव्हता. गाणे चौघांत ऐकायचे, चौघांत फर्माईश करायची, चौघांत गुणगुणायचे. इथल्या तरुण संगीताचे सगळे वेगळेपण, मला वाटते, या एका गोष्टीतून निघाले. ते काका, मास्तर आणि शेजारच्या काकूंच्या देखत वाढले.

म्हणून संगीतकारापुढे अवघड पेच होता. पोरांचे पाय थिरकले पाहिजेत आणि थोरांच्या कपाळावर आठी उमटता कामा नये. हा पेच सगळ्यात सुरेख सोडवला तो पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकर यांनी.

सी. रामचंद्रांचा जन्म १२ जानेवारी १९१८ चा, नगर जिल्ह्यातला. गाणे शिकले विनायकबुवा पटवर्धनांकडे आणि नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे, म्हणजे पलुसकरांच्या शिस्तीतले शिक्षण. 'अनारकली'तल्या चाली ऐकल्या की ती तालीम कळते. त्यातलेच 'ये जिंदगी उसी की है' १९५३ च्या गीतमालेत अग्रभागी राहिले. पण या गृहस्थांना परदेशी वाद्यांचे वेडही तेवढेच. १९४७ च्या 'शहनाई'त त्यांनी 'संडे के संडे'ची धमाल उडवून दिली तेव्हा पुष्कळांनी नाके मुरडली. १९५१ च्या 'अलबेला'त अमरावतीत जन्मलेल्या, गिरणी कामगाराच्या घरी वाढलेल्या भगवान आबाजी पालव यांच्या पायांना त्यांनी ठेका दिला. भगवानदादांचे ते नाचणे, अर्धे लेझीम आणि अर्धे क्लबमधले, आजही लग्नाच्या वरातीत जिवंत आहे. त्या चित्रपटात वाजवणारे आणि पडद्यावर दिसणारे चिक चॉकलेट म्हणजे गोव्याच्या हळदोण्याचे अँतोनियो झेवियर वाझ. ताजमहाल हॉटेलात त्यांचा जॅझचा वाद्यवृंद होता, आणि दिवसा ते रामचंद्रांचे साहाय्यक होते.

गोव्याच्या या वादकांवाचून ही गोष्ट पुढे सरकतच नाही. चर्चच्या शाळेत लहानपणी स्वरलेखन वाचायला शिकलेली ही मंडळी मुंबईत आली. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड यांनी संगीतकाराने पेटीवर बसवलेल्या चालीला व्हायोलिन, ट्रंपेट, सॅक्सोफोन, डबल बास यांचे अंग दिले. संध्याकाळी क्लबात नवा अमेरिकन नाच वाजवायचा, सकाळी स्टुडिओत त्याचे तुकडे हिंदी गाण्यात पेरायचे. पडद्यावर त्यांची नावे क्वचितच आली. मजूर म्हणून मजुरी घेतली आणि गेले. हा अन्याय होता आणि तो अन्यायच म्हणायला हवा.

'ईना मीना डीका'ची जन्मकथा अशी सांगतात, की रामचंद्रांच्या संगीतखोलीबाहेर मुले खेळत होती आणि खेळात गडी मोजण्याचे इंग्रजी बडबडगीत म्हणत होती. त्यांनी ते उचलले, साहाय्यक जॉन गोम्स यांनी आपल्या कोकणीतले दोन शब्द जोडून दिले, आणि राजेंद्र कृष्ण यांनी गाणे पुरे केले. त्याची एक आवृत्ती गायली किशोरकुमारांनी, दुसरी आशा भोसले यांनी. नगरचा संगीतकार, गोव्याचा वादक, खांडव्याचा गायक, सांगलीत जन्मलेली गायिका: रॉक अँड रोल आपल्याकडे आला तो मराठी, कोकणी आणि निमाडी माणसांच्या खांद्यावरून.

ठेक्याचे सांगायचे तर, कहरव्याच्या आठ मात्रांत वजन पहिल्या मात्रेवर, समेवर. आपला कान तिथे येऊन टेकायला शिकलेला. रॉक अँड रोलमध्ये चाराच्या मोजणीत ड्रमचा फटका दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर पडतो. पाय पहिल्यावर, टाळी दुसऱ्यावर. ही ओढाताण अंगात भिनते आणि बसलेला माणूस उठतो. रामचंद्रांनी, एन. दत्तांनी, ओ. पी. नय्यरांनी ही ओढ घेतली, पण वरची चाल आपल्या सुरावटीच्या वळणाने नेली. पोरांना ठेका मिळाला, थोरांना चाल मिळाली.

आणि शब्द निरर्थक! मला ही युक्ती फार मोलाची वाटते. तिकडे लिटल रिचर्डनेही अर्थहीन शब्दांचा मारा केला होता, पण त्यामागे मूळचे चावट शब्द लपले होते. इथे त्या बडबडीने वयात येणाऱ्या मुला-मुलींना एक आडोसा मिळवून दिला. प्रेमाचे उघड शब्द आईदेखत म्हणता येत नसत. 'ईना मीना डीका' म्हणता येई. अंगातली सगळी मस्ती त्यातून वाहून जाई आणि कुणाला बोट ठेवायला जागा राहत नसे. शाळकरी मुलगी परकराचा घोळ सावरत अंगणात हे गाऊ शकत होती. आशाबाईंनी त्याची दुसरी आवृत्ती गायली म्हणून तिला ते आणखी आपले वाटले असणार.

किशोरकुमारांवर माळव्या-निमाडाचा हक्क मोठा. जन्म खांडव्याचा, १९२९ चा. कॉलेज इंदूरचे ख्रिश्चन कॉलेज. तिथल्या कँटीनच्या उधारीतून 'पांच रुपैया बारह आना'चा जन्म झाला अशी आख्यायिका आहे. हे गाणे ज्यातले, त्या १९५८ च्या 'चलती का नाम गाडी'त सचिनदेव बर्मनांनी 'सिक्स्टीन टन्स' या खाणकामगाराच्या अमेरिकन गाण्याचा धागा घेऊन 'एक लडकी भीगी भागी सी' विणले. किशोरकुमार गाणे शिकलेले नव्हते, आणि या नव्या ढंगाला तसाच गळा हवा होता, जो गाता गाता उडी मारू शकेल. विनोदी नट जॉनी वॉकरही इंदूरचे. दिग्दर्शक नासिर हुसेन भोपाळचे. मध्य प्रदेश नावाचे राज्य जन्मत होते तेव्हा त्या मातीतली माणसे मुंबईत देशाच्या तारुण्याला आवाज, चेहरा आणि गोष्ट देत होती.

सी. रामचंद्रांचा एक धागा तर थेट उज्जैन जिल्ह्यात येतो. कवी प्रदीप बडनगरचे. मूळ नाव रामचंद्र नारायणजी द्विवेदी. १९५४ च्या 'नास्तिक'मध्ये दोघे रामचंद्र एकत्र आले होते. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत 'ऐ मेरे वतन के लोगों' गायले गेले, ते बडनगरच्या रामचंद्राचे शब्द, पुणतांब्याच्या रामचंद्राची चाल आणि इंदूरमध्ये जन्मलेल्या लताबाईंचा आवाज घेऊन. रॉक अँड रोलवाला म्हणून ज्यांना हिणवले गेले त्यांनीच पंतप्रधानांच्या डोळ्यांत पाणी आणले. सहा वर्षांत एकाच माणसाने ही दोन टोके गाठली, आणि दोन्हीकडे तो तितकाच खरा होता.

मराठी घरांत तेव्हा काय वाजत होते? 'ब्लॅकबोर्ड जंगल'च्या साली, १ एप्रिल १९५५ ला, पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झाले. उज्जैनहून तासाभराच्या अंतरावर देवासला कुमार गंधर्व दीर्घ आजारातून उठून माळव्याची लोकगीते कान देऊन ऐकत होते आणि त्यातून स्वतःची वाट काढत होते. १९५५ मध्येच इंदूरला आकाशवाणी केंद्र आले. मराठी घराचा कान या दिशेला लागलेला होता. मराठीत रॉक अँड रोल रुजला नाही याची मला खंत नाही. मराठी तरुणाने आपली हळवी बाजू भावगीतावर सोपवली. साठच्या दशकाच्या सुरुवातीला 'शुक्रतारा' आले, खळ्यांची चाल, पाडगावकरांचे शब्द, आणि आवाज कुणाचा, तर इंदूरच्या अरुण दात्यांचा, रसिकाग्रणी रामूभैया दात्यांच्या मुलाचा. माळव्यातल्या मराठी पोराकडे मग दोन गाणी झाली. मित्रांत एक, मनात एक.

आता शेवटची आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची व्यक्ती. अमेरिकेत या तरुण संगीताचा कारखाना न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर, ब्रिल बिल्डिंग आणि तिच्या आसपासच्या इमारतींत चाले. लहान लहान खोल्यांत पियानो, आणि तिथे विशीतली मुले दिवसभर गाणी रचत. फेब्रुवारी १९४२ मध्ये जन्मलेल्या कॅरोल किंगने तिथे अठराव्या वर्षी शिरेल्स या मुलींच्या गटासाठी अशी चाल बांधली की जानेवारी १९६१ मध्ये ती अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. तिचे नाव जगाला ठाऊक आहे.

तिच्या चार महिने आधी, ऑक्टोबर १९४१ मध्ये, ग्वाल्हेरला उषा खन्ना जन्मल्या. वडील मनोहर खन्ना ग्वाल्हेर संस्थानच्या पाणीपुरवठा खात्यात अधिकारी होते आणि शायरी करत. म्हणजे उज्जैन ज्या राज्याचा भाग होता त्याच राज्याच्या राजधानीतली ही मुलगी. गायिका व्हायचे म्हणून ती निर्माते शशधर मुखर्जींपुढे उभी राहिली. ती जी गाणी म्हणते त्या चाली तिच्या स्वतःच्याच आहेत हे कळल्यावर मुखर्जींनी तिला रोज दोन चाली बांधून आणायला सांगितले. रोज दोन! काही महिन्यांनी तिच्या हाती 'दिल देके देखो' दिला. १९५९ चा हा चित्रपट, दिग्दर्शक नासिर हुसेन, नायक शम्मी कपूर, आणि नायिका आशा पारेख, जन्म ऑक्टोबर १९४२, म्हणजे जेमतेम सतराची. आपल्याकडची तरुण गाणी तोवर तिशी-चाळिशीतले लोक तरुणांसाठी करत होते. इथे पहिल्यांदा नायिकाही त्या वयाची आणि चाली बांधणारीही. शीर्षकगीत मॅग्वायर भगिनींच्या 'शुगरटाइम'वरून घेतलेले होते, हे खरेच आहे आणि लपवायचे कारण नाही. पण बाकीच्या बऱ्याच गाण्यांत रफी आणि आशाबाईंच्या आवाजाला जी खेळकर, निर्धास्त वळणे आहेत ती उसनी नाहीत. त्या चालींत संकोच नाही, आणि आव तर मुळीच नाही.

एवढ्या यशानंतरही उषा खन्नांना मोठी नावे असलेले चित्रपट क्वचित मिळाले. बाईने पन्नास वादकांपुढे उभे राहून स्वर सांगायचे, ही गोष्ट त्या धंद्याच्या पचनी पडत नव्हती. त्या हटल्या नाहीत. कितीतरी दशके काम करत राहिल्या. कॅरोल किंगवर पुस्तके निघाली, नाटक झाले. उषा खन्नांवर मराठीत एक सविस्तर, साधार चरित्र निघायला हवे, आणि ते त्यांच्या हयातीत निघायला हवे.

टावर चौकात आज चाटच्या गाडीपाशी उभ्या असलेल्या मुलांच्या कानांत प्रत्येकाचे वेगळे गाणे असते. त्यांना उषा खन्ना हे नाव सांगितले तर बहुधा ओळख पटणार नाही. पण 'दिल देके देखो'च्या पुढच्याच वर्षी आलेल्या 'हम हिंदुस्तानी'तले 'छोडो कल की बातें' त्यांतल्या बहुतेकांनी पंधरा ऑगस्टला शाळेच्या मैदानात रांगेत उभे राहून म्हटलेले असते. प्रेम धवन यांचे शब्द, मुकेशचा आवाज. त्याची चाल बांधणारी ग्वाल्हेरची मुलगी तेव्हा फार तर एकोणीस वर्षांची होती.